गाण्याच्या ॲपला पैसे भरायच्या आधी हे करून बघा

सगळे आधी साउंड क्वालिटी विचारतात, मी म्हणतो आधी बघा की तुमची गाणी तिथे आहेत का. दहा कोटी गाणी वगैरे जाहिरातीत ठीकय, त्यातली साडेनऊ कोटी तुम्ही जन्मात ऐकणार नाही आहात.

तर एक कागद घ्या, वीस गाणी लिहा. पाच रोजची, पाच आईबाबांची, पाचेक शास्त्रीय किंवा नाट्यसंगीत आणि उरलेली ती विचित्र, जी फक्त घरातल्या कॅसेटवर होती. ट्रायल लगेच सुरू करू नका, गाणी शोधायला बऱ्याच ॲपमध्ये पैसे लागत नाहीत, मग ट्रायलचे दिवस त्यात कशाला घालवायचे. शोधताना देवनागरीत टाइप करून बघा आणि इंग्रजी अक्षरांतही, कारण विठ्ठल एका ठिकाणी एका टी ने असतो आणि दुसरीकडे दोन टी ने, आणि काही ॲपना देवनागरी दिलं की एकदम गप्पच होतात.

गाणं सापडलं म्हणून लगेच टिक मारू नका, वाजवून बघा. कीबोर्डवर केलेली कव्हर, लो-फाय (मूळ गाणं संथ, धूसर करून केलेलं), रीमिक्स, सगळं त्याच नावाने वर येतं. माझी हुकमी परीक्षा म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’. नाटक 1967 चं, वसंतराव देशपांड्यांनी गाऊन गाजवलेलं, सिनेमा 2015 चा. नाटकातलं पद शोधलं की आधी कोण येतं, वसंतराव की सिनेमावाले, आणि गायकाचं नाव धड लिहिलंय की नुसतं ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’, यावरून कळतं की मराठी कॅटलॉग कोणी माणसाने बघितलाय का नुसता ओतलाय.

दुसरी परीक्षा गीतरामायण. 56 गीतं आहेत, ती ओळीने लागतात का, की अर्धी एका अल्बमात, अर्धी दुसऱ्यात आणि मध्येच कुठल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग? फुकटच्या प्लॅनमध्ये बऱ्याचदा शफल गळ्यात मारतात, सिनेमाची गाणी असतील तर चालून जातं, पण शास्त्रीय गायनात ख्यालाचे विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) असे वेगवेगळे ट्रॅक असतात आणि आधी द्रुत लागून मग विलंबित सुरू झालं की जेवणानंतर वरणभात वाढल्यासारखं वाटतं. सेटिंगमध्ये क्रॉसफेड असेल तर तोही बंद ठेवा, नाहीतर भैरवीच्या शेपटावर पुढचं गाणं चढतं.

आणि एक, आज आहे ते उद्या असेलच असं नाही. मार्च 2024 मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफायचं जमलं नाही आणि त्या कंपनीची गाणी स्पॉटिफायवरून गेली, कितीतरी लोकांच्या प्लेलिस्टमध्ये भोकं पडली. आपण गाणी विकत घेत नाही, भाड्याने घेतो. म्हणून वर्षाचं सबस्क्रिप्शन स्वस्त पडतं तरी पहिले दोन-तीन महिने महिन्याचंच घ्या.

डाउनलोड ट्रायलमध्येच तपासा. वीस गाणी उतरवा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि ॲप पूर्ण बंद करून परत उघडा. काही ॲप इथेच गोल गोल फिरत बसतात. हे घरी कळलेलं बरं, खंडाळ्याच्या बोगद्यात कळून उपयोग नाही. उतरवलेली गाणी कायमची आपली नसतात हेही लक्षात ठेवा, स्पॉटिफायला तर 30 दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं.

आता क्वालिटी. केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती डेटा लागतो ते, आकडा मोठा तितका आवाज चांगला. 320 केबीपीएसला तासाला साधारण 144 एमबी जातात, 96 ला 43 च्या आसपास. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असेल तर हिशोब तुम्हीच करा. लॉसलेससाठी, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता दिलेल्या गाण्यासाठी, जास्त पैसे मागत असतील तर आधी स्वतःला विचारा की ऐकता कशावर. साध्या ब्लूटूथ इअरबडपर्यंत लॉसलेस पोचतच नाही, वाटेत परत दाबलं जातं. जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीवरून घेतलेल्या गाण्यात तर खरखरच जास्त स्वच्छ ऐकू येईल. वायरवाला चांगला हेडफोन असेल तर मात्र घ्या, फरक आहे.

फॅमिली प्लॅन परवडतो, पण बहुतेक ठिकाणी सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत अशी अट असते, पुण्यातला भाऊ आणि ठाण्यातली बहीण त्यात बसत नाहीत. आणि प्रत्येकाचं लॉगिन वेगळं ठेवा, एकाच अकाउंटवर पोराने बडबडगीतं लावली की आठवडाभर रेकमेंडेशनमध्ये भीमसेनजींच्या शेजारी माकड आणि टोपीवाला.

पैशाचं शेवटी सांगतो कारण इथेच लोक फसतात, मीही फसलोय. ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही!! ज्या दिवशी ट्रायल घ्याल त्याच दिवशी फोनमध्ये संपायच्या तीन दिवस आधीचा रिमाइंडर लावा. यूपीआयवरून ऑटोपे दिलं असेल तर यूपीआय ॲपमध्ये जाऊन मॅन्डेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) रद्द करता येतं. कार्डावरून पैसे कापायच्या आधी 24 तास बँकेचा मेसेज यायला हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मेसेज जाहिरात समजून उडवू नका. मात्र काही ठिकाणी ट्रायल रद्द केली की त्याच क्षणी संपते, तेवढं आधी वाचून घ्या. रिचार्जबरोबर फुकट मिळालेलं ॲप असेल तर प्लॅन बदलला की तेही गेलं समजा.

प्लेलिस्ट बाहेर काढता येते का हेही बघून ठेवा. बाबांचं एक ॲप बंद होणार असा मेसेज आला तेव्हा त्यांची तीनेकशे गाणी ट्यूनमायम्युझिक वापरून दुसरीकडे हलवली, असंच काम साउंडीझ पण करतं. हलवल्यावर यादीवर एकदा नजर टाकाच, कारण गाणी जुळवताना ते चुकू शकतं, बाबांच्या यादीत वसंतरावांच्या जागी कोणाचं तरी लो-फाय येऊन बसलं होतं आणि त्यांनी दोन दिवस मला सांगितलंच नाही.