ओल कुठून आली? एअरसॉफ्टच्या दिवशी कपड्यांची परीक्षा

ब्रिटनमधील जंगलात पावसाळी दिवशी एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या बंदुकांनी लुटुपुटुच्या लढाईचा खेळ, खेळणारा माणूस काही मिनिटे चिखलातून धावतो आणि मग बराच वेळ ओल्या पाचोळ्यावर दबा धरून बसतो. घाम फुटणे आणि अंग गार पडणे लागोपाठ घडत असल्यामुळे डोंगरात नेण्याचे जॅकेट, पँट आणि बूट पारखण्यास हा खेळ फार सोयीचा आहे. प्रयोगातून फक्त डोळ्यांचे संरक्षण वगळावे. तेथील कायद्यानुसार एका वेळी एकच ६ मिमीचा छर्रा सोडणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकीला २.५ ज्यूलपर्यंत ऊर्जेची मुभा आहे, त्यामुळे छर्ऱ्यांसाठी प्रमाणित गॉगलच वापरावा आणि त्यावर वाफ धरली तरी तो मैदानात कपाळावर चढवू नये.

सकाळी जॅकेट आणि आतला बनियन स्वयंपाकघरातील काट्यावर वेगवेगळे तोलून वजने लिहून ठेवावीत व दुपारी पुन्हा तोलावेत. वजनापेक्षाही ओल कुठे आहे हे महत्त्वाचे असते: पट्ट्यांखालचे खांदे, चेनची कड किंवा बाह्यांची टोके भिजली असतील तर पाऊस आत शिरला असण्याची शक्यता अधिक, पाठ आणि काखा भिजल्या असतील तर बहुधा तो घाम असतो. बाहेरचे कापड पाण्याने तुडुंब झाले की घामाची वाफ बाहेर पडत नाही, ती आतच गार होऊन पाणी बनते, आणि चांगले जॅकेट गळके ठरवले जाते. म्हणून घरी ते वाळवून, अंगात न घालता, काही मिनिटे नळाखाली धरावे. आतून कोरडे राहिले, तर नवे जॅकेट घेण्याऐवजी ते धुऊन त्याला जलरोधक लेप पुन्हा द्यावा.

पँटच्या बाबतीत कापड पाण्याचा किती दाब सोसते हे सांगणाऱ्या लेबलवरील आकड्यावर विसंबू नये. १०,००० मिमी म्हणजे १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब, आणि एका गुडघ्यावर सगळा भार टाकला की तेवढा दाब सहज ओलांडला जातो. गुडघा भिजला म्हणजे कापड खोटे, असे नाही.

मोजा घोट्याकडून खाली ओला झाला असेल तर पाणी बुटाच्या तोंडातून आले आहे. त्यावर नवे बूट हा उपाय नव्हे, बुटाचे तोंड आणि पोटरी झाकणारी आवरणे, म्हणजे गेटर, पुरतात.

घरी कपडे उतरवताना शिवणींत आणि अंगावर गोचीड पाहाव्यात, मगच कपडे दोरीवर टाकून वाळण्याची वेळ नोंदवावी.