पुण्याच्या पेठेतल्या जुन्या फोटोंचा संकलन-दिवस कसा भरवावा

‘सगळ्यांना सांगा, जुने फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आपण ग्रुपवर जमा करू.’ स्थानिक इतिहासाचं काम हाती घेतलेल्या प्रत्येक मंडळाला हा सल्ला कुणीतरी देतंच. तो मानू नका. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. फोटोच्या मागे शाईने लिहिलेलं नाव, स्टुडिओचा शिक्का, तारीख यांतलं काहीच येत नाही. त्याहून मोठा तोटा म्हणजे फोटोतली माणसं ओळखणारी आजी त्या ग्रुपवर नसते. संकलन-दिवस तिला खुर्चीवर बसवून, तिच्यासमोर फोटो ठेवून बोलतं करण्यासाठी असतो. स्कॅनिंग हे त्याचं निमित्त.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला घ्या. पावसाळ्यात दमट हवेने जुन्या फोटोंचा थर चिकट होतो आणि पिशवीतच एकाला एक चिकटतात. भाऊबीजेनंतरचा रविवार उत्तम, कारण बाहेरगावची मुलं-नातवंडं घरी असतात आणि आजोबांना घेऊन येतात. वेळ सकाळी साडेनऊ ते साडेबारा. जागा तळमजल्यावरची हवी. शाळेचा वर्ग चालतो, जिना चढून जायचा हॉल चालत नाही.

बोलावणं फक्त पेठेत फिरवून भागत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला धरण गेलं, पुण्यात पूर आला आणि नदीकाठच्या वस्तीतली कितीतरी कुटुंबं गोखलेनगर, जनवाडीसारख्या नव्या वसाहतींत गेली. पुढे वाडे पडून सोसायट्या झाल्या तशी आणखी माणसं कोथरूड-धायरीकडे सरकली. शनिवार-नारायण पेठेचे फोटो आज तिथल्या कपाटांत आहेत. तिथे निरोप गेला नाही तर तुमच्या संग्रहात पेठेतली माणसं कमी आणि इमारतीच जास्त येतील.

टेबलं चार: नावनोंदणी, संमती, माहिती, स्कॅनिंग. क्रम हाच ठेवा. स्कॅन आधी झाला की लोक फोटो पिशवीत घालून निघतात आणि माहिती राहून जाते. एका घरामागे दहा फोटोंची मर्यादा घाला. नीट काम केलं तर एका स्कॅनरवर तासाला दहा-बारा फोटोच होतात. प्रत्येक फोटोला पेठ-घर-फोटो असा क्रमांक द्या, उदाहरणार्थ शनिवार-००७-०३. फाइलचं नाव तेवढंच. त्यात माणसांची नावं, साल काही घालू नका, कारण ती माहिती पुढे बदलते.

संमतीपत्रात तीन चौकटी वेगळ्या हव्यात: संग्रहात ठेवणे, प्रदर्शनात लावणे, इंटरनेटवर टाकणे. एकाच सहीत तिन्ही गुंडाळू नका. घरातल्या लग्नाचा फोटो प्रदर्शनात चालेल पण नेटवर नको, असं म्हणणारी माणसं पुष्कळ असतात आणि त्यांचं बरोबर असतं. पत्ता-फोन वेगळ्या कागदावर घ्या. तो कागद कार्यकर्त्यांबाहेर जाता कामा नये.

आता माहितीचं टेबल. बहुतेक संकलनं इथेच फसतात. फोटो हजारभर जमतात आणि नोंदवहीत ‘पेशवेकालीन वाडा’, ‘जुने पुणे’, ‘अण्णा व इतर’ एवढंच सापडतं.

पहिली चूक प्रश्नातच होते. ‘हा फोटो कधीचा?’ असं विचारू नका. समोरचा माणूस अंदाजाने एक साल सांगतो, तुम्ही ते लिहिता आणि पुढे ते साल पक्कं मानलं जातं. साल विचारण्याऐवजी आयुष्यातल्या खुणा विचारा. तुमचं लग्न झालं होतं का? धाकटा भाऊ जन्मला होता का? तुम्ही कितवीत होता? आणि पुण्यात सगळ्यांत उपयोगी पडणारा प्रश्न: पानशेतच्या आधीचा की नंतरचा? पूर अंगावर आलेला माणूस हे उत्तर सहसा चुकत नाही. उत्तर सुचवणारा प्रश्नही टाळा. ‘ही पर्वतीच ना?’ म्हटलं की वडीलधारी माणसं भिडेखातर ‘हो हो’ म्हणतात. ‘ही जागा कुठली?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. मध्ये शांतता पडली तरी ती भरू नका, आठवायला वेळ लागतो.

दुसरी आणि जास्त गंभीर चूक म्हणजे सगळी माहिती एकाच रकान्यात लिहिणं. नोंदपत्रकावर तीन रकाने आखा: फोटोत काय दिसतं, सांगणाऱ्याने स्वतः काय पाहिलं, आणि त्याने काय ऐकलं. ‘टिळक आमच्या वाड्यात येत असत’ हे १९४५ साली जन्मलेले काका सांगत असतील तर ते तिसऱ्या रकान्यात जातं, कारण टिळक १९२० साली गेले. ऐकीव गोष्ट टाकाऊ नसते. फक्त ती कुणाकडून ऐकली तेही लिहा: आजीकडून, शेजारच्या वाड्यातल्या कुणाकडून, की पुस्तकात वाचून. दोन बहिणींनी एकाच माणसाची दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहा, सांगणारीच्या नावासकट. टेबलावर बसून निवाडा करू नका. हे तीन रकाने नसतील तर बाकीचा खटाटोप करूच नये, इतकं ते महत्त्वाचं आहे.

माणसांची नावं घेताना ‘अण्णा’, ‘बापू’, ‘ठमाताई’ यांवर थांबू नका. घरातलं नाव लिहा आणि पूर्ण नावही मागा. बायकांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. ‘जोशी वहिनी’ किंवा ‘अमक्यांच्या मिसेस’ अशी नोंद म्हणजे नोंदच नाही. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही बदलत असे, म्हणून माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही पूर्ण नावं घ्या. नाहीतर शाळेच्या फोटोतली मुलगी आणि लग्नाच्या फोटोतली नवरी एकच आहे हे कुणालाच कळणार नाही. समूह-फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्यावर हलक्या हाताने आकडा टाका आणि आकड्यांनुसार नावं लिहा. ‘डावीकडून’ म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडून, हे पत्रकावरच छापून ठेवा.

जागेचं नाव सांगणाऱ्याच्या तोंडी जे आलं ते आधी लिहा, मग आजचं. लॉइड ब्रिज, नवा पूल आणि शिवाजी पूल एकच. लकडी पूल म्हणजे संभाजी पूल, वेताळ पेठ म्हणजे गुरुवार पेठ. फक्त आजचं नाव लिहिलं की जुन्या नावाने शोधणाऱ्याला फोटो सापडत नाही.

सांगितलेलं साल मग खुणांशी ताडून पाहा. मागे शिवाजी पूल दिसला तर फोटो १९२३ च्या आधीचा नाही, बालगंधर्व रंगमंदिर दिसलं तर १९६८ च्या आधीचा नाही. अशी खूण ‘याच्या आधीचा नाही’ एवढीच मर्यादा देते, नेमकं साल देत नाही. भिंतीवरच्या सिनेमाच्या पोस्टरलाही हेच लागू, कारण जुने सिनेमे पुन्हा पुन्हा लागत. कागदावर ‘नगरपालिका’ असेल तर तो बहुधा १९५० च्या आधीचा, कारण त्या साली महानगरपालिका झाली. शिक्क्यात ‘पुणे ३०’ ऐवजी सहा आकडी ४११०३० असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. उलट अनुमान मात्र काढू नका. पिनकोड आल्यावरही लोक ‘पुणे ३०’ लिहीत राहिले, आजही लिहितात.

दोन हिशेब नेहमी चुकतात. लग्नपत्रिकेवरच्या शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८८३ च्या माघातलं लग्न १९६२ चं, १९६१ चं नव्हे. माघ-फाल्गुनात लग्नं भरपूर असल्याने ही चूक सारखी होते. दुसरा हिशेब गणपतीच्या फोटोंचा. कमानीवर ‘वर्ष ७५ वे’ असेल तर स्थापनेच्या सालात ७४ मिळवा. १८९३ ला सुरू झालेल्या उत्सवाचं ७५ वं वर्ष १९६७ येतं.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन, आणि सुरुवातीला फोटोचा क्रमांक मोठ्याने म्हणा. पत्रक त्याच संध्याकाळी ऐकून पुरं करा. आठवडा गेला की कोणती आजी कोणत्या फोटोबद्दल बोलत होती ते सांगता येत नाही.

स्कॅनिंग सोपं आहे. सपाट काचेचा स्कॅनर, ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके), कृष्णधवल फोटोही रंगीत मोडवर, आपोआप सुधारणा बंद, फाइल टिफ प्रकारची, म्हणजे न दाबलेली. चार बाय सहा इंचाचा फोटो साधारण २६ एमबी होतो, तेवढी जागा धरा. मागची बाजूही स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट वरून कॅमेऱ्याने घ्या. चिकट पानांच्या अल्बममधूनही फोटो सोलू नका, अख्खं पान स्कॅन करा. पुराच्या गाळाचे डाग पुसायला जाऊ नका. ओल्या बोळ्याने थर निघून येतो, आणि तो गाळ हाही त्या घराच्या इतिहासाचा पुरावा आहे. पाठीमागे क्रमांक घालायचा तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

मोडी कागद कुणी आणले तर स्कॅन करा, अर्थ लावत बसू नका. ते मोडी जाणणाऱ्याला दाखवायचे असतात. मोठं दप्तर निघालं तर घरच्यांना सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची वाट दाखवा. १९१० पासून हेच काम तिथे चालू आहे.

मूळ फोटो त्याच दिवशी, त्याच माणसाच्या हाती परत द्या. ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून एकही ठेवून घेऊ नका. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरात.

महिन्याभराने ओळख न पटलेले फोटो मोठे छापून वाचनालयात किंवा मंडळाच्या मांडवात लावा. प्रत्येकाखाली क्रमांक, कोऱ्या चिठ्ठ्या आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचं नाव आणि ‘स्वतः पाहिलं / ऐकलं’ यांपैकी एकावर खूण हवीच. आलेली माहिती जुनी खोडून त्या जागी लिहू नका. तारीख घालून तिच्याखाली नवी ओळ जोडा.