जुन्या बुलेटची ट्रायल्स मोटारसायकल: कमी खर्चात आणि फ्रेमला करवत न लावता

ट्रायल्स हा मोटारसायकलचा असा खेळ आहे की त्यात वेगाला किंमत नसते. दगड, ओढा, चढ, झाडांची मुळे अशा आखून दिलेल्या वाटेवरून पाय जमिनीला न टेकवता गाडी पार न्यायची असते. पाय टेकला की दंडाचा गुण पडतो आणि वाटेतच अडकून बसल्यास पाच गुण पडतात. या खेळासाठी बनवलेल्या जुन्या मूळ गाड्या आपल्याकडे जवळजवळ मिळत नाहीत, पण त्यांच्याच घराण्यातली एक गाडी सोलापुरात अनेक वाड्यांच्या बोळात ताडपत्रीखाली उभी असते. ती म्हणजे बिडाच्या सिलिंडरची, उजव्या पायाने गिअर टाकायची जुनी बुलेट ३५०.

हे घराण्याचे नाते ओढूनताणून जोडलेले नाही. १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील कोलमोर कप ट्रायलमध्ये रॉयल एनफिल्डने मागे झुलता चिमटा (स्विंग आर्म) असलेल्या बुलेटचे नमुने उतरवले, तेव्हा ट्रायल्सला मागचे सस्पेन्शन चालणार नाही असेच बहुतेकांचे मत होते. पुढे जॉनी ब्रिटन यांनी १९५२ आणि १९५७ साली स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल याच कंपनीच्या गाडीवर जिंकली. १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेल्या बुलेटला तेच ३४६ सीसीचे इंजिन लाभले होते: ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ९० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) आणि जड फ्लायव्हील. लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील यांमुळे इंजिन अगदी कमी फेऱ्यांवरही बंद न पडता गाडी ओढत राहते, आणि ट्रायल्सला नेमके हेच हवे असते.

काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. पहिली, फ्रेमवर करवत किंवा वेल्डिंग चालवायचे नाही. जे बदल करायचे ते बोल्ट सोडून परत पूर्ववत करता येतील एवढेच करायचे. दुसरी, पैसा आधी न दिसणाऱ्या भागांवर खर्च करायचा आणि रंगरोगण सर्वांत शेवटी ठेवायचे. खर्च हाताबाहेर गेला म्हणून अर्धवट सुटलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या, त्यांपैकी बहुतेकांची टाकी चकचकीत रंगवलेली होती आणि इंजिन पोत्यात पडलेले होते.

खरेदी आणि कागदपत्रे

गाडी पाहायला जाताना एक पेन्सिल आणि पातळ कागद बरोबर ठेवावा. चेसिस आणि इंजिन क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासल्यास ठसा उमटतो. तो नोंदणी पुस्तकातील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. क्रमांक खरवडलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर किंमत कितीही कमी असली तरी व्यवहार सोडून द्यावा. पुस्तक मूळ मालकाच्या नावावर असेल तर नमुना २९ आणि ३० (मालकी हस्तांतरणाचे अर्ज) यांवर त्याच्या सह्या त्याच दिवशी घ्याव्यात. दुसऱ्या जिल्ह्यातली गाडी असल्यास तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीचे नोंदणी-नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी करावे लागते. ही सर्व कामे गाडी जोडलेली असतानाच मार्गी लावावीत, कारण तपासणीसाठी सुट्या भागांची पोती नेता येत नाहीत.

फ्रेम न कापण्यामागे भावनेपलीकडचे कारणही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी ‘विंटेज’ म्हणून वेगळ्या मालिकेत नोंदवता येते. आज कापलेली फ्रेम उद्या ही वाट बंद करते.

गाडी खोलणे

खोलण्यापूर्वी आणि खोलताना प्रत्येक जोडाचे छायाचित्र घ्यावे आणि नट-बोल्ट ज्या भागाचे असतील त्या भागाच्या नावाच्या डब्यात टाकावेत. जुन्या बुलेटवर बरेच नट इंची, व्हिटवर्थ जातीचे असतात. मिलिमीटरचा पाना त्यांवर ‘जवळपास’ बसतो आणि जोर लावताच नटाचे कोपरे गोल करतो, म्हणून व्हिटवर्थ मापाच्या पान्यांचा एक जुना संच भंगारवाल्याकडून आधी मिळवावा. जाम झालेल्या नटावर डिझेल सोडून रात्रभर थांबावे, सकाळी थोडी आच द्यावी आणि पान्यावर झटका देण्यापेक्षा सावकाश जोर वाढवावा. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ हवेने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

इंजिन

बुलेटच्या तेलाची टाकी क्रँककेसमध्येच ओतलेली असते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की तेल हळूहळू पाझरून फ्लायव्हीलच्या कप्प्यात उतरते. म्हणून नव्याने घेतलेल्या गाडीला उत्साहाच्या भरात किक मारू नये. आधी खालचे सर्व ड्रेन प्लग सोडून तेल स्वच्छ ताटलीत काढावे आणि त्यातून लोहचुंबक फिरवावे. चुंबकाला पिठासारखा काळा थर चिकटला तर ती नेहमीची झीज आहे. नखाने उचलता येतील असे तुकडे चिकटले तर गिअर किंवा बेअरिंग गेले आहे असे समजावे.

हेड आणि सिलिंडर काढल्यावर पिस्टन सर्वांत वरच्या जागी आणावा, कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरावा आणि सरळ वर-खाली ओढून-दाबून पाहावे. आडवी हालचाल थोडी असतेच, तिची काळजी नसावी. पण वर-खाली करताना बोटांना ‘टक’ असा स्पष्ट ठोका जाणवला, तर जुन्या बुलेटमध्ये बिग एंडला (रॉडच्या खालच्या, क्रँककडच्या टोकाला) बेअरिंगऐवजी असणारे फ्लोटिंग बुश झिजलेले आहे. ही तपासणी करताना रॉडवरचे तेल पूर्ण पुसलेले असावे, कारण घट्ट तेल ठोका लपवते. हे काम अंदाजाने उरकू नये. बिग एंड बदलायचे असेल तर क्रँक प्रेसवर खोलून पुन्हा ओळंब्यात आणावा लागतो आणि एकूण खर्चातला सर्वांत मोठा आकडा बहुधा याच ठिकाणी लागतो. तो टाळून पुढे गेल्यास बाकीचा सगळा खर्च पाण्यात जातो.

बोअर झिजला असेल तर आधी पिस्टन विकत घ्यावा आणि तो हातात देऊनच बोअरिंग करून घ्यावे. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी उलटे केले. एका वर्कशॉपने सिलिंडर वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा करून दिला, नंतर आणलेला पिस्टन त्यात सैल निघाला आणि शेवटी चाळीस थाऊपर्यंत जाऊन दोनदा मजुरी द्यावी लागली. साठ थाऊनंतर नवे स्लीव्ह घालण्यावाचून पर्याय राहत नाही, म्हणजे सिलिंडरच्या आयुष्यातले एक माप मी फुकट घालवले.

सोलापूरकराला इथे एक मोठी सोय आहे. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांचे सुटे भाग करणारे टर्नर पिढ्यान् पिढ्या लेथवर उभे आहेत. मागाची बुशे, शाफ्ट, पिना हे त्यांचे रोजचे काम असल्याने गनमेटलचे बुश योग्य मापात उतरवणे त्यांना नवे नसते. चिमट्याची बुशे, ब्रेक कॅमची बुशे, स्टँडच्या पिना, गिअर लिव्हरचे झिजलेले भोक हे सारे जुना नमुना आणि त्यात बसणारा शाफ्ट दोन्ही बरोबर नेऊन त्यांच्याकडून करून घ्यावे. फक्त बुश नेले तर टर्नर जुन्या झिजलेल्या मापाचेच नवे बुश करून देईल, आणि त्यात चूक त्याची नसेल. इंजिनच्या आतले फ्लोटिंग बुश मात्र तयार आणि खात्रीचेच घ्यावे.

टाकीतला गंज

पेट्रोलच्या टाकीत खडे घालून ती हलवण्याची जुनी रीत आहे, पण तिने कोपऱ्यांतला गंज निघत नाही. त्यापेक्षा विजेने गंज काढणे स्वस्त आणि हळुवार आहे. टाकी आधी साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुऊन, पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत उघडी ठेवावी. हा टप्पा जिवाशी संबंधित असल्याने त्यात घाई करू नये. नंतर खालचा कॉक काढून भोक रबरी बुचाने बंद करावे आणि प्रत्येक लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून टाकी काठोकाठ भरावी. एक साधी लोखंडी सळई झाकणाच्या तोंडातून, लाकडी पट्टीच्या आधाराने, टाकीला कुठेही न टेकेल अशी आत सोडावी. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची धन तार सळईला आणि ऋण तार टाकीच्या खरवडलेल्या कडेला लावावी. तारांची अदलाबदल झाली तर गंज सळईऐवजी टाकी खाऊ लागेल. सळई स्टेनलेस स्टीलची नसावी, कारण तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते.

काही मिनिटांतच टाकीच्या तोंडाशी बारीक बुडबुडे आणि तांबूस फेस दिसू लागतो. हे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे काम उघड्या अंगणात करावे, जवळ विडी-काडी नसावी आणि तारा काढण्यापूर्वी चार्जरचे बटण बंद करावे. दर पाच-सहा तासांनी सळई काढून तिच्यावरचा राबाडा तारेच्या ब्रशने साफ करावा. एका दिवसात आतला पत्रा राखाडी दिसू लागतो. त्यानंतर टाकी भरपूर पाण्याने खळखळून धुवावी लागते, म्हणून हे काम नळाला पाणी येण्याच्या दिवशी ठेवावे. बोअरवेलचे जड पाणी सुकताना आत पांढरे डाग सोडते, तेव्हा शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्यावा. ओला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. उन्हाळा असेल तर टाकी तोंड खाली करून गच्चीवर ठेवावी, आणि कोरडी होताच पेट्रोलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून आतून फिरवावे.

चाके आणि फ्रेम

बुलेटच्या चाकाला चाळीस स्पोक असतात. एकेक स्पोक पान्याने हलका वाजवून ऐकावा. घट्ट स्पोक खणखणतो, सैल किंवा तडकलेला बद्द वाजतो. निम्मे बद्द वाजत असतील तर संपूर्ण संच बदलून जाणत्या कारागिराकडून रिमचा आऊट (डगमग) काढून घ्यावा. फ्रेमला तारेच्या ब्रशने घासून, लाल ऑक्साइड आणि त्यावर काळा एनॅमल हाताने लावला तरी पुरते. दगडांवर पडणाऱ्या गाडीला पावडर कोटिंगचा खर्च मला योग्य वाटत नाही.

ट्रायल्ससाठीचे बदल

बुलेटच्या फ्रेमला इंजिनखालून नळी जात नाही. इंजिन स्वतःच फ्रेमचा खालचा दुवा असते. याचे दोन परिणाम ध्यानात घ्यावेत. इंजिन माउंटिंगचे बोल्ट सैल राहिले तर फ्रेमच सैल झाली असे समजावे, आणि क्रँककेसचा तळ दगडाला थेट उघडा असतो. म्हणून पहिला बदल खालच्या संरक्षक पत्र्याचा. चार-पाच मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून इंजिन प्लेटच्याच लांब स्टडवर कसावा आणि पत्रा व क्रँककेस यांच्यामध्ये जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी ठेवावी. ड्रेन प्लगसमोर भोके ठेवण्यास विसरू नये.

गिअरिंग खाली आणण्यासाठी मागचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) बदलणे अवघड जाते, कारण ते ब्रेक ड्रमशी एकजीव असते. पुढचे सोळा दातांचे स्प्रॉकेट एका दाताने कमी केले तरी गाडी सुमारे सहा टक्के संथ आणि तेवढीच जोरकस होते.

मडगार्डच्या बाबतीत आपल्या मातीचा विचार आधी करावा. पावसाळ्यात सोलापूरची काळी माती टायरला थरावर थर चिकटते आणि मूळ मडगार्डमध्ये अडकून चाक अक्षरशः जाम करते. यासाठी ॲल्युमिनियमचे हलके मडगार्ड टायरपासून किमान चार बोटे वर बसवावे. सायलेन्सर उजव्या बाजूनेच वर उचलून न्यावा, त्यात आवाज अडवणारी जाळी कायम ठेवावी आणि पायाशेजारी उष्णतारोधक पत्रा लावावा. बेंड पाइप करून घेताना किक मारून दाखवावी, अन्यथा किकचा दांडा पाइपला अडतो. एकजणाची छोटी सीट रेक्झिनवाल्याकडून करून घ्यावी. हँडल रुंद घ्यावे. टायर एकोणीस इंचीच ठेवून फक्त ठोकळेदार नक्षीचे घेतले तर रिमचा खर्च वाचतो. दिवे, हॉर्न आणि नंबर प्लेट काढू नयेत.

पहिली किक

ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या काँटॅक्ट पॉइंटमधील अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावे. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून लावावेत: पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. किक सावकाश दाबत न्यावी. कॉम्प्रेशन लागून अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आला की डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढून किक थोडी पुढे सरकवावी, डीकॉम्प्रेसर सोडावा, किक वर येऊ द्यावी आणि मग एकच पूर्ण किक मारावी. इंजिन सुरू होताच तेलाच्या टाकीचे झाकण उघडून परतीचे तेल पडताना दिसते का ते पाहावे. मिनिटभरात दिसले नाही तर इंजिन लगेच बंद करावे.

सरावासाठी ओळखीच्या शेतकऱ्याचा पडीक मुरमाड माळ त्याच्या परवानगीने घ्यावा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळरानात मात्र गाडी कधीही घालू नये. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर इंजिन माउंटिंग, हेडचे नट आणि स्पोक पुन्हा कसावेत आणि तेल बदलून त्यातून परत चुंबक फिरवावे.

काढलेले मूळ मडगार्ड, सायलेन्सर, सीट आणि स्प्रॉकेट तेलकट फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावे, प्रत्येकावर चिठ्ठी बांधावी आणि त्या सर्वांची यादी नोंदणी पुस्तकाच्या पाकिटातच ठेवावी.