बर्फातल्या डोंगराचा फोटो: आधी पायाखाली बघा, शिखर कुठं पळून जात नाही

सोलापूरचा माणूस बर्फाच्या फोटोवर सांगतोय म्हटल्यावर हसणार तुम्ही, हसा, आमच्याकडं जानेवारीत पण दुपारी फॅन लागतो. पण उत्तराखंडात औलीला गेलो होतो तेव्हा तीन दिवसांत चारेकशे फोटो काढले आणि घरी येऊन पीसीवर बघतो तर सगळे एकसारखे, खाली पांढरं, वर निळं, बरोबर मधोमध रेघ, आणि त्या रेघेवर ७८१६ मीटरची नंदादेवी, समोशाएवढी.

वाइड लेन्सनं, म्हणजे एका फ्रेममध्ये खूप रुंद भाग घेणाऱ्या लेन्सनं, लांबचं बारीक दिसतं आणि जवळचं मोठं, मोबाइलच्या कॅमेऱ्यात ०.५ लिहिलेलं असतं त्याचं पण तेच. त्यामुळं वाइड लावली की जवळ काहीतरी पाहिजेच, बर्फातनं डोकं काढलेला दगड, वाळकं गवत, वाऱ्यानं पाडलेल्या लाटा, ओढ्याचा काठ. तसलं काहीच नसेल तर सरळ झूम करा आणि नुसतं शिखर घ्या, उगाच अर्धी फ्रेम मोकळी ठेवू नका.

आता हे शिकायला हिमालयात जायची गरज नाही, मी गच्चीवर शिकलो. पांढरा टॉवेल घ्यायचा, सोलापुरात टॉवेलला काय तोटा, तो चुरगाळून पसरायचा, मागं एक कळशी पालथी घालायची, ती नंदादेवी. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की उभ्यानं एक फोटो काढा, टॉवेल नुसता सपाट दिसतो. मग मोबाइल उलटा धरून लेन्स जमिनीला टेकवा, आता पहिलीच घडी पुढं येऊन सगळं झाकते. या दोन्हीच्या मध्ये, साधारण वीतभर उंचीवर, एकामागं एक घड्या सुट्या सुट्या दिसायला लागतात आणि नजर आपोआप कळशीपर्यंत जाते. ती उंची शोधणं हेच खरं काम आहे. ऊन बाजूनं असेल तर प्रत्येक घडीला सावली पडते, पाठीमागनं असेल तर सगळं सपाट आणि वर तुमचीच लांबलचक सावली फ्रेममध्ये. (बायको म्हणाली अहो, तो पाहुण्यांसाठी ठेवलेला टॉवेल होता. असो.)

क्षितिजाचं म्हणाल तर आधी ठरवा फोटो कशाचा आहे. खालचा बर्फ भारी असेल तर रेघ वरच्या एक तृतीयांशावर, ढग भारी असतील तर खाली. हिवाळ्यात आभाळ बऱ्याचदा कोरं निळं असतं, ते शिखराच्या वर थोडंसं ठेवा, बास. मधोमध रेघ मी फक्त पाण्यात पूर्ण प्रतिबिंब असेल तरच घेतो. आणि पुढच्या दगडाचं किंवा देवदाराचं टोक मागच्या डोंगराच्या कडेला नेमकं चिकटू देऊ नका, एकतर स्पष्ट खाली नाहीतर स्पष्ट वर, कॅमेरा वीतभर वरखाली केला की सुटतं.

तिरकेपणा हा डोंगरातला मोठा घोळ. हिप्परग्याच्या तलावावर पलीकडचा काठ धरून फ्रेम सरळ करता येते, डोंगरात सगळीकडं उतारच असतो आणि डोळा त्या उताराला सपाट धरून चालतो. कॅमेऱ्यातली लेव्हल, म्हणजे फ्रेम सरळ आहे का ते दाखवणारी स्क्रीनवरची रेघ, चालू ठेवा. तळं असेल तर शिखर आणि त्याचं प्रतिबिंब एका उभ्या रेषेत आलं पाहिजे, काठावर भरवसा ठेवू नका, तो तुमच्यापासून तिरका लांब जात असेल तर फसवतो.

फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २४ एमएमची वाइड लेन्स आणि लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ११ असेल तर पावणेदोन मीटरवर फोकस करा, साधारण ९० सेंटिमीटरपासून शिखरापर्यंत सगळं शार्प मिळतं. बर्फ करडा येत असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +१ करा, कॅमेरा पांढऱ्याला करडं करायला बघतो.

आणि जागा नक्की होईपर्यंत समोरच्या बर्फात पाय टाकू नका, लांबनं वळसा घालून फिरा. आमच्या ग्रुपमधला एकजण पहाटे सगळ्यात आधी उठून रील काढायला त्यातनंच पळत गेला, मग काय, त्या दिवशीच्या माझ्या सगळ्या फोटोंत फोरग्राउंडला त्याचे बूट.