छोट्या व्यावसायिकांच्या सल्लागारांना हिशोब शिकवताना

संस्थेच्या कार्यकर्त्यांना आधी एकच काम नीट शिकवा: समोरच्या व्यावसायिकाचा खरा नफा किती, हे त्यालाच मोजायला लावणं. मार्केटिंग, कर्जाचे अर्ज वगैरे नंतर.

तुकडी १२ ते १५ जणांची ठेवा. सरावासाठी जोड्या पाडा, एकाने शिंपी व्हायचं, दुसऱ्याने सल्लागार. ‘महिन्याला किती सुटतात?’ हा प्रश्न बाद, कारण उत्तर अंदाजेच येतं. त्याऐवजी शेवटचा विकलेला एक नग धरायचा. समजा, झबलं १०० ला गेलं. कापड ५५, धागा-बटणं ५. शिंपी म्हणतो, ४० सुटले. मग विचारायचं: कापड आणायला जाण्या-येण्याचं भाडं? वीज? ते ८ धरले की उरले ३२. शिवायला दोन तास लागले असतील, तर तासाला १६ पडले. हा आकडा शिंप्यानेच वहीत लिहायचा. सल्लागाराने पेन हातात घेतलं की वही त्याची होते आणि पुढच्या भेटीला कोरी सापडते. ही चूक जवळपास प्रत्येक जण करतो, सरावात लगेच टोका.

वहीला चार रकाने पुरे: तारीख, आले, गेले, उधारी. घरासाठी गल्ल्यातून उचललेले पैसे ‘गेले’मध्ये, पण पुढे ‘घर’ लिहून. नाहीतर धंदा तोट्यात दिसतो.

प्रशिक्षणानंतर दोन आठवड्यांत प्रशिक्षकाने प्रत्येकाच्या एका भेटीला सोबत जावं. तिथे मात्र गप्प बसायचं.