जुन्या मालिका घरी पाहताना चित्र आणि आवाज बिघडवणाऱ्या या चुका टाळा

‘मालगुडी डेज’च्या शीर्षकात आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे येतात. आमच्या एका काकांकडे ही मालिका डीव्हीडीवर लावली, तेव्हा त्या चित्रांतील माणसे बसकी आणि फुगीर दिसत होती, चेहरे मेण चोपडल्यासारखे गुळगुळीत झाले होते आणि सगळे संवाद एकाच बाजूच्या स्पीकरमधून येत होते. “डीव्हीडीच खराब निघाली,” असे काका म्हणाले. डीव्हीडीत काहीही दोष नव्हता. रिमोटवरची तीन-चार सेटिंग बदलली आणि प्लेअरच्या मागची एक सैल वायर नीट बसवली, एवढ्यावर त्यांच्या लहानपणीची मालिका त्यांना पुन्हा ओळखू आली. जुन्या मालिकांचे जे नुकसान आपल्याला दिसते, त्यातील मोठा भाग मूळ टेपवर नसतो. तो आपल्याच घरात, चांगल्या हेतूने घडलेला असतो.

पहिली आणि सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे चित्र ताणणे. भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, त्या काळातील आणि त्यानंतरच्या बऱ्याच वर्षांतील मालिका ४:३ या आकारात चित्रित झाल्या आहेत. आजचे पडदे १६:९ आकाराचे असल्यामुळे टीव्ही ‘फुल’ किंवा ‘वाइड’वर ठेवला की चित्र आडवे एक तृतीयांशाने रुंद होते. ‘झूम’ वापरले तर माणसे बेढब दिसत नाहीत, मात्र वरखालचा भाग कापला जातो आणि निवेदकाचे कपाळ किंवा तळाशी आलेली नावे पडद्याबाहेर जातात. सेटिंग ४:३ वर ठेवावे आणि दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. डीव्हीडी प्लेअरच्या मेनूमध्येही पडद्याचा आकार वेगळा विचारलेला असतो. तिथे १६:९ निवडावे, म्हणजे टीव्ही आणि प्लेअर हे दोघेही एकाच चित्राला ओढत बसणार नाहीत.

दुसरी चूक टीव्ही स्वतःहून करतो आणि आपण ती चालू देतो. दुकानात उठून दिसावे म्हणून नव्या टीव्हीचा पिक्चर मोड बहुधा ‘व्हिव्हिड’सारखा भडक असतो. त्यात शार्पनेस वाढवलेला असतो आणि त्यामुळे प्रत्येक कडेभोवती पांढरी रेघ उमटते. मुंग्या घालवण्यासाठी असलेली नॉइज रिडक्शन सोय त्वचेचा आणि साडीचा पोत पुसून टाकते. हालचाल मऊ करणारी सोय मधल्या चौकटी (फ्रेम) स्वतः तयार करते. जुन्या चित्रात बारीक तपशील मुळातच मोजका असतो, त्यामुळे यंत्राने त्यात केलेली ढवळाढवळ लगेच डोळ्यांत भरते. मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ करावा, शार्पनेस शून्यावर किंवा शून्याच्या जवळ आणावा आणि बाकीच्या सुधारणा बंद कराव्यात. दोन दिवस चित्र थोडे मवाळ वाटेल, मग डोळे सरावतात. कृष्णधवल कार्यक्रम पाहताना रंगाचे प्रमाण थेट शून्यावर न्यावे. जुन्या टेपवरून आलेल्या अशा चित्रावर अनेकदा हिरवट-जांभळे डाग तरंगतात, ते त्यामुळे जातात.

आता अपेक्षेविषयी, कारण पैसा इथे वाया जातो. मालिका फिल्मवर चित्रित झाली होती की व्हिडिओ टेपवर, हे जाणून घेतल्याशिवाय महागडा संच विकत घेऊ नये. अमेरिकेतील ‘फ्रेंड्स’ ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली होती, म्हणून २०१२ मध्ये तिची ब्लू-रे आवृत्ती निघाली तेव्हा फिल्ममध्ये दडलेला तपशील खरोखर बाहेर आला. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चेही चित्रण फिल्मवर झाले होते, मात्र संकलन आणि दृश्यपरिणाम टेपवर झाले होते. त्यामुळे ब्लू-रेसाठी मूळ निगेटिव्ह शोधून मालिका नव्याने जुळवावी लागली. ब्रिटनच्या ‘फॉल्टी टॉवर्स’मध्ये तर हा फरक एकाच भागात दिसतो. हॉटेलच्या आतली दृश्ये स्टुडिओत टेपवर घेतलेली आहेत आणि बाहेरची १६ मिलिमीटर फिल्मवर, त्यामुळे पात्र दाराबाहेर पडताच चित्राचा पोत बदलतो. तो बिघाड नाही. आपल्याकडच्या ज्या मालिका थेट टेपवर चित्रित झाल्या, त्यांच्यात ६२५ रेषांच्या पाल या आपल्याकडच्या टीव्ही चित्रपद्धतीत दिसणाऱ्या ५७६ रेषांपेक्षा अधिक तपशील कुठूनही येणार नाही, मग वेष्टनावर काहीही छापलेले असो.

तरीही एकाच मालिकेच्या दोन आवृत्त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. व्हीसीडीवरचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते, डीव्हीडीवरचे ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे, म्हणजे व्हीसीडीत जेमतेम चौथा हिस्सा उरतो. डीव्हीडी असली तरी तिच्यावर किती भाग भरले आहेत ते पाहावे. ४.७ जीबीच्या एका थरावर दोन तासांचा मजकूर ठेवला तर सेकंदाला सुमारे पाच मेगाबिट मिळतात. त्याच थरावर सहा तास कोंबले की हा आकडा पावणेदोनच्या खाली जातो आणि गर्दीच्या किंवा पावसाच्या दृश्यात चित्र चौकोनांत फुटते. ‘संपूर्ण मालिका फक्त दोन डिस्कमध्ये’ असे वाचले की मी तो संच खाली ठेवतो. परदेशातील ग्राहकांसाठी अनेक भारतीय डीव्हीडी एनटीएससी या अमेरिकेतील टीव्ही पद्धतीने निघाल्या. पालमधले चित्र त्या पद्धतीत आणताना हालचाल अडखळते आणि रेषाही कमी होतात. पाल आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्यावी. आजचे बहुतेक टीव्ही आणि संगणक दोन्ही पद्धती दाखवतात.

घरच्या कॅसेट संगणकावर उतरवताना होणाऱ्या चुका जास्त गंभीर असतात, कारण त्या कायमच्या राहतात. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या कॅसेटला बुरशी लागते. कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेपची गुंडाळी पाहावी. तिच्यावर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली, तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नये. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. अशी कॅसेट आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. स्वच्छ दिसणारी कॅसेटही आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून बसलेल्या टेपचा ताण सारखा होतो. चित्राच्या तळाशी किंवा मध्ये मुंग्यांचा पट्टा दिसला तर लगेच टेपला दोष देऊ नये. आधी ट्रॅकिंगचे, म्हणजे हेड आणि टेपवरच्या रेघा जुळवणारे, बटण सावकाश फिरवून पाहावे, मग हेड साफ करावे.

मी स्वतः केलेली चूक सांगतो. आईने टीव्हीवरून टेप केलेली काही नाटके मी एका दुकानातून डीव्हीडीवर करून घेतली आणि जागा हवी म्हणून कॅसेट देऊन टाकल्या. पुढे शांतपणे पाहिले तेव्हा लक्षात आले, की हात हलला की त्याच्या कडेला कंगव्याचे दात उमटतात. पाल चित्रात सेकंदाला ५० अर्धचित्रे असतात, एकात विषम रेषा आणि दुसऱ्यात सम. उतरवताना ती दोन-दोन चिकटवून २५ चौकटी केल्या, की हे दात चित्रात कायमचे कोरले जातात आणि हालचालीचा अर्धा ओघ नाहीसा होतो. मूळ कॅसेट हातात असत्या तर काम पुन्हा करता आले असते. म्हणून टेप उतरवताना अर्धचित्रे जशीच्या तशी, शक्य तितक्या कमी दाबाने (कॉम्प्रेशनने) साठवावीत आणि पाहण्यासाठी ५० चौकटींची वेगळी प्रत करावी. त्या प्रतीत हालचाल पुढे-मागे थरथरत असेल, तर विषम आणि सम अर्धचित्रांचा क्रम उलटा लागला आहे असे समजावे आणि तो बदलावा. व्हीसीआरची जोडणी अँटेनाच्या वायरने करू नये. चित्राची पिवळी वायर बरी, आणि उजेड व रंग वेगवेगळे नेणारी एस-व्हिडिओ वायर असेल तर ती त्याहून उत्तम, कारण बारीक चौकड्यांच्या साडीवर किंवा कोटावर चमकणारे इंद्रधनुषी रंग तिने बरेच टळतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र मोठे करून देणारी साधने हल्ली सहज मिळतात. मूळ प्रत बाजूला ठेवून हौसेखातर ती वापरायला हरकत नाही, पण निकाल तपासायचा असेल तर चेहऱ्यांआधी श्रेयनामावली पाहावी. अस्पष्ट देवनागरी अक्षरे ‘सुधारताना’ ही साधने वेलांटीची मात्रा करतात, अनुस्वार गिळतात आणि जोडाक्षराच्या जागी अर्थहीन आकृती ठेवतात. अक्षरांशी जे होते तेच दूर उभ्या माणसाच्या डोळ्यांशी आणि दातांशी झालेले असते, फक्त ते आपल्याला तितक्या चटकन कळत नाही.

आवाजाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. त्या काळातील मालिकांचा ध्वनी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा असे. मोनो व्हीसीआरला एकच ध्वनीची वायर असते, ती संगणकाच्या डाव्या बाजूला जोडली की अख्खे नाटक डाव्या कानात ऐकू येते. ध्वनी मोनो म्हणून साठवावा किंवा दोन्ही बाजूंना सारखा द्यावा. टीव्हीवरचा सराउंड परिणाम बंद ठेवावा, कारण त्याने संवाद विहिरीतून आल्यासारखे घुमतात. खरखर कमी करताना हात आखडता घ्यावा. खरखर पूर्ण गेली की तिच्याबरोबर ‘स’, ‘श’ आणि ‘फ’ जातात आणि पात्र पाण्याखालून बोलते आहे असे वाटते. थोडी खरखर कानाला पाच मिनिटांत सवयीची होते. आवाज मुळातच दबका येत असेल, तर सॉफ्टवेअरने तार स्वर वाढवण्याआधी व्हीसीआरच्या ध्वनिहेडचा कोन दुरुस्त करून घ्यावा. ओठ आणि शब्द जुळत नसतील, तर आधी टीव्हीचा गेम मोड लावून पाहावे. तेवढ्याने ते जुळले, तर दोष फाइलमध्ये नसून टीव्ही चित्रावर करत असलेल्या प्रक्रियेत आहे.

व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. चालू स्थितीतले यंत्र हाताशी असेल, तर हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये. कॅसेट उभ्या ठेवाव्यात, स्पीकरच्या चुंबकापासून दूर आणि फरशीच्या ओलीपासून वर. काम झाल्यावरही त्या टाकू नयेत. आणि यंत्रात घालण्याआधी प्रत्येक कॅसेटच्या कडेवरची प्लॅस्टिकची छोटी पट्टी स्क्रूड्रायव्हरने तोडावी, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी व्हीसीआर त्या टेपवर काहीही लिहू शकणार नाही.