लिहून शिकायची घोडेस्वारी : ऑनलाइन काल्पनिक धड्यात भाग कसा घ्यावा

या खेळात एक जण शिक्षक होतो, बाकीचे विद्यार्थी. शिक्षक लिहितो, "सगळ्यांनी ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) २० मीटर व्यासाचं वर्तुळ घ्या." मग प्रत्येक जण आपल्या पाळीला चार-सहा ओळींत सांगतो की आपला स्वार आणि आपला घोडा ते कसं करताहेत. शिक्षक ते वाचून चुका दाखवतो आणि पाळी पुन्हा फिरते. खऱ्या घोड्याजवळ कधीही न गेलेली माणसं यात रमतात, आणि नीट खेळली तर बरंच शिकतातही.

नवख्यांचं घोडं पेंड खातं ते बहुधा एकाच जागी. त्यांचा घोडा सगळं पहिल्याच फटक्यात बरोबर करतो. मग शिक्षकाने शिकवायचं काय? खालच्या सगळ्या पायऱ्या शिक्षकाच्या हाती शिकवण्यासारखं काहीतरी देण्यासाठी आहेत.

१. घोडा आधी ठरवा, नाव नंतर

वय, उंची, एक गुण आणि एक खोड, एवढं लिहून काढलं की घोडा उभा राहतो. उंची हँडमध्ये मोजतात. हा आपला कोपरापासूनचा हात नव्हे. तळहाताच्या रुंदीचं हे माप असून १ हँड म्हणजे ४ इंच. १५.२ लिहिलं की १५ हँड आणि २ इंच, म्हणजे साधारण १५७ सेंटिमीटर. टिंबानंतर ०, १, २, ३ एवढेच आकडे येऊ शकतात. "१५.७ हँडचा घोडा" लिहिलात तर जाणत्याला तिथेच कळतं.

खोड ठरवताना ती धड्यात उपयोगी पडेल अशी घ्या. डाव्या बाजूला सहज वळतो पण उजवीकडे ताठरतो, फडफडणारा कागद दिसला की बुजतो, लगाम ओढला की मान वर करतो, अशी. "फार रागीट, कुणालाच पाठीवर बसू देत नाही" असा घोडा वर्गात आणू नका. सगळा वर्ग त्याच्यापायी थांबतो.

स्वाराचा अनुभवही वर्गाच्या पातळीचाच असू द्या.

२. रिंगण कागदावर काढा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण मला स्वतःला सगळ्यात जास्त फायदा हिचाच झाला. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून शिस्तीत चाली करून घेण्याचा खेळ. त्याचं छोटं रिंगण २० बाय ४० मीटरचं असतं. त्याच्या कडेला अक्षरं असतात. प्रवेशाच्या आखूड बाजूच्या मध्यावर ए, समोरच्या आखूड बाजूच्या मध्यावर सी, लांब बाजूंच्या मध्यावर ई आणि बी, रिंगणाच्या बरोबर मधोमध एक्स. ए कडून सी कडे तोंड केलं की डाव्या हाताला के, ई, एच आणि उजव्या हाताला एफ, बी, एम.

कागद समोर ठेवा आणि त्यावर खडा किंवा बटण सरकवत लिहा. ए, के, ई, एच, सी या क्रमाने निघालात तर सगळी वळणं उजवीकडे येतात, म्हणजे तुमची आतली बाजू उजवी. हे एकदा डोक्यात बसलं की "आतला पाय", "बाहेरचा लगाम" हे शब्द चुकत नाहीत.

ए पाशी घेतलेलं २० मीटर व्यासाचं वर्तुळ एक्सवरून जातं. त्याचा घेर सुमारे ६३ मीटर. घोडा ट्रॉटमध्ये ताशी १२-१३ किलोमीटरने चालला तर ते १७ ते १९ सेकंदांत पुरं होतं. आता विचार करा, एवढ्या वेळात स्वाराच्या मनात किती विचार येतील? एक किंवा दोन. तुमच्या मजकुरातही तेवढेच येऊ द्या.

३. स्वार होण्याआधीचं थोडक्यात

खरारा, खूर साफ करणं (टाचेकडून पुढच्या टोकाकडे), खोगीर, तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा), लगाम. दोन-तीन वाक्यं पुरेत. तंग मात्र विसरू नका. खोगीर चढवताना काही घोडे पोट फुगवून धरतात, म्हणून स्वार होण्याआधी आणि काही मिनिटं चालवल्यावर तो पुन्हा तपासतात. रिकिबीत पाय घालून चढायचं ते रिवाजाने घोड्याच्या डाव्या बाजूने.

४. मागणी, उत्तर, दुरुस्ती

धड्याचा जीव या तीन गोष्टींत आहे. स्वाराने काय मागितलं, घोड्याने काय उत्तर दिलं आणि स्वाराने त्यावर काय केलं. दोन नमुने पाहा. काजळी हे घोडीचं नाव, आणि कँटर ही ट्रॉटहून वेगवान चाल.

पहिला : "मी काजळीवर बसले. आम्ही ट्रॉट केला, मग कँटर केला. काजळी फार सुंदर चालली. सगळे बघत राहिले."

दुसरा : "के ओलांडल्यावर पोटऱ्या हलकेच मिटून ट्रॉट मागितला. काजळीने एक कान मागे वळवला, पण पाऊल वाढवलं नाही. पुन्हा मागितला, या वेळी जरा ठाम. ती झटक्यात निघाली आणि माझे हात वर गेले. लगाम खेचला गेला तशी तिने मान उचलली. ई येईपर्यंत हात खाली आणले, पण ठेका अजून घाईचाच आहे."

दुसरा मजकूर वाचून शिक्षकाला दोन गोष्टी सांगता येतील. मागणी करण्याआधी घोड्याचं लक्ष वेधून घे, आणि तो निघताना तोल जाऊ नये म्हणून मांड सैल सोडू नकोस. शेवटच्या वाक्याने तर पुढची पाळीच तयार करून दिली आहे.

वर्णनाने ओळी वाढवू नका. आयाळीवर पडलेलं ऊन आणि स्वाराच्या नव्या बुटांचा रंग ही इथे खोगीरभरती आहे. त्यापेक्षा घोड्याचं बोलणं लिहा, कारण घोडा अंगानेच बोलतो. कान पुढे असले तर पुढच्या कशाकडे तरी लक्ष आहे. कान मानेला चिकटले तर राग. शेपटी सपासप हलली तर काहीतरी खुपतंय. उभा असताना एक मागचा पाय सैल सोडला तर तो निवांत आहे. शेपटीच्या थेट मागचं आणि नाकाच्या अगदी पुढचं त्याला दिसत नाही. तिथून अचानक कुणी आलं तर तो दचकणारच, आणि ते तुम्ही लिहिलं तर खरं वाटेल.

५. चाल बदलली की ठेका बदलतो

वॉकचे, म्हणजे साध्या चालण्याचे, चार ठेके. ट्रॉट, म्हणजे आपली दुडकी, दोन ठेक्यांची. एक पुढचा पाय आणि विरुद्ध बाजूचा मागचा पाय, अशा तिरप्या जोड्या एकत्र पडतात. कँटरचे तीन ठेके. गॅलप, म्हणजे चौखूर धावणं, पुन्हा चार ठेक्यांचं, आणि शिकाऊ वर्गाच्या रिंगणात त्याला जागा नाही.

लिहिण्याजोग्या खऱ्या चुका इथेच सापडतात. ट्रॉटमध्ये उठबस करताना घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जाईल तेव्हा उठायचं असतं. दिशा बदलली की उठण्याची वेळ बदलण्यासाठी एक ठेका जास्त बसायचं. नवा स्वार हे हमखास विसरतो. कँटरमध्ये आतला पुढचा पाय आघाडीला हवा. तो चुकला तर वळणावर घोडा अवघडल्यासारखा धावतो. मग ट्रॉटवर येऊन कोपऱ्यात पुन्हा मागायचं, स्वाराने आपला आतला पाय तंगापाशी आणि बाहेरचा जरा मागे ठेवून. तीन धड्यांत मिळून ही एक चूक दुरुस्त झाली तरी ती प्रगती वाचायला फार गोड लागते.

६. दुसऱ्याच्या घोड्याला हात लावू नका

"माझ्या घोड्याने शेजारच्याला लाथ मारली आणि तो स्वार पडला" असं कधीही लिहू नये. "माझ्या घोड्याने मागचा पाय उचलला, मी त्याला बाजूला घेतोय" इथे थांबा. पुढे काय झालं ते समोरचा ठरवेल. शिक्षकाच्या तोंडी वाक्यंही घालायची नाहीत, शाबासकीची तर मुळीच नाहीत.

मागे-पुढे दोन घोड्यांमध्ये निदान एका घोड्याच्या लांबीचं अंतर ठेवलंय, हे अधूनमधून मजकुरात दिसू द्या. कुणाची पाळी रखडली तर त्याचा घोडा मधल्या रेषेवर उभा आहे असं धरायचं, हे सगळ्यांनी आधीच ठरवून घ्या. खेळाबाहेरचं बोलायचं असेल तर ते कंसात लिहा. शिक्षक ओरडला, तर तो तुमच्या स्वारावर ओरडलाय. तरीही मनाला लागलं असेल तर कंसात तसं सांगा, मनात ठेवू नका.

७. अडथळे आणि पडणं

शिक्षकाने जमिनीवरच्या दांड्या दिल्या असतील तर दांड्याच घ्या. ट्रॉटसाठी त्यांच्यात साधारण १.२ ते १.४ मीटर अंतर असतं, लहान पोनीला त्याहून कमी. उडीची पाळी येईल तेव्हा येईल. घोडा अडथळ्यापुढे थबकला तर कारण लिहा. वेग कमी होता, स्वाराने आधीच अंग पुढे टाकलं, किंवा शेवटच्या क्षणी खाली पाहिलं.

पडण्याचा प्रसंग क्वचितच आणा. आणलात तर त्याचे परिणाम निभवा. वर्ग थांबतो, शिक्षक स्वाराला तपासतो, आपटलेलं हेल्मेट बदलावं लागतं. पुढच्या ओळीत पुन्हा कँटर नको.

८. खेळ इथे, खरं तिथे

स्वाराला स्वतःचं नाव देऊ नका. पत्ता, शाळा, फोटो कुणालाही सांगू नका, मुलांनी तर नाहीच. इथे शिकलेलं खऱ्या घोड्यावर थेट करून पाहू नका. शरीराला जे कळायला हवं ते लिहून कळत नाही. आणि खऱ्या घोड्याच्या दुखण्यावर इथे सल्ला मागायचा नाही, त्यासाठी पशुवैद्य आहेत.

९. धडा संपवताना

शेवटी दहाएक मिनिटं लगाम सैल सोडून वॉक, मग उतरणं, तंग ढिला करणं, रिकिबी वर सरकवणं. शिक्षकाला एक नेमका प्रश्न विचारा : "उजवीकडे ती खांदा बाहेर का टाकते?" उत्तर आलं की ते घोड्याच्या वहीत तारखेसकट टिपून ठेवा, आणि पुढच्या धड्याची पहिली ओळ तिथून सुरू करा.